सकाळी उठल्या उठल्या मळमळतं, ते का?

गोव्यात माशेलला राहणारी माझी मावशी पहाटे साडेपाचच्या गजराला उठायची आणि भिंतीला हात टेकत टेकत मोरीकडे जायची. उमासे यायचे, पडायचं काहीच नाही. मग तासभर तोंडाला पाणी सुटत राहायचं, चहाचा वाससुद्धा नको व्हायचा. वय 57, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे ‘दिवस गेलेत का’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. उरला एकच शब्द: पित्त. दोन वर्षं ती अनशापोटी पित्ताची गोळी घेत होती. जिरं, आवळा, भिजवलेल्या सोलांचं (कोकमांचं) पाणी, सगळं करून झालं होतं.

एका चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळ्याजणी तिच्याकडे एकाच खोलीत झोपलो होतो, म्हणून ते माझ्या नजरेला पडलं. गजर वाजला, मावशी डाव्या कुशीवर वळली, घड्याळाकडे हात नेला आणि तो मध्येच थांबला. डोळे घट्ट मिटून तिने उशी धरली. ‘‘खोली फिरते गे,’’ म्हणाली. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबलं आणि मळमळ सुरू झाली. हे फिरणं तिने दोन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण तिला विचारलं जायचं ते पोटाबद्दल.

दुखणं कानाचं होतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे चिकटलेले असतात. वयानुसार ते सुटतात आणि जवळच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. मग कूस बदलली, वर पाहिलं किंवा वाकलं की खडे नळीत घरंगळतात आणि डोकं गरगर फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी 1992 साली यावरची पद्धत प्रसिद्ध केली: डोकं ठरावीक क्रमाने, ठरावीक कोनांत वळवून ते खडे मूळ जागी परत न्यायचे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मावशीला तपासणीच्या टेबलावर दहा मिनिटं तसं वळवलं. आठवडाभराने पुन्हा एकदा. पित्ताची गोळी सुटली.

मळमळ जाणवते पोटात, पण तिचा निर्णय मेंदूत होतो. मेंदूच्या बुंध्याशी एक इवलीशी जागा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा तिथे मुळातच सैल असतो, म्हणजे रक्तातून येणारं औषध, विष, संप्रेरक तिथे जणू चाखून पाहिलं जातं. जवळच पोटातून येणारी व्हेगस ही लांबलचक नस निरोप आणून टाकते. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. कानातला तोल, भीती, वास, जुनी आठवण यांचे निरोपही इथेच पोचतात. त्यामुळे ‘मळमळतं’ एवढ्यावरून कारण कळत नाही. कारण कळतं ते ‘नेमकं कधी’ यावरून, आणि हा प्रश्न आपल्या बायकांना फार क्वचित विचारला जातो.

पाळी चालू असलेल्या कुणालाही मळमळू लागलं तर पहिलं काम गरोदरपणासाठीची लघवीची साधी चाचणी हेच. चाळिशी उलटली, पाळी अनियमित झाली म्हणून ती टाळू नये. गरोदरपणातली मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते, आणि ती फक्त सकाळीच येते असं मुळीच नाही. तिचं कारण अनेक वर्षं धूसर होतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जीडीएफ15 नावाचं प्रथिन पुढे आलं. गर्भ आणि वार ते आईच्या रक्तात सोडतात. जिच्या शरीराला आधीपासून या प्रथिनाची सवय असते तिला त्रास कमी, जिच्यात ते आधी अगदी कमी असतं तिला जास्त. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारामुळे ज्यांच्या रक्तात ते कायमच भरपूर असतं, त्या बायकांना गरोदरपणात मळमळ फारशी होतच नाही! ‘नाजूक आहे, सहन होत नाही’ असं सुनेला ऐकवणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत हे संशोधन पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

चाचणी नकारात्मक आली की पोटाकडे वळावं. रात्री दहा-साडेदहाला जेवून लगेच आडवं झालं की अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडून आम्ल वर येतं. झोपेत लाळ कमी गिळली जाते, त्यामुळे ते तिथेच रेंगाळतं. सकाळी तोंड आंबट किंवा कडवट, घसा खवखवणारा. याला जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर, डावी कूस, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा एवढं बऱ्याचदा पुरतं. उशांची चळत लावू नका, तिने पोट मुडपतं.

पोटातल्या जंतूचीही एक गोष्ट आहे. जठराच्या सुजेमागे आणि अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे पटवून देण्यासाठी 1984 मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्याचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांतच त्याला रोज सकाळी पाण्यासारखी उलटी होऊ लागली. 2005 चं नोबेल त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला मिळालं. श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत हा जिवाणू सापडतो आणि औषधांनी जातो. वर्षानुवर्षं नुसती पित्ताची गोळी घेतली तर तो तिथेच राहतो.

आता आपल्याकडच्या सकाळीकडे पाहा. फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणारी बाई पाचला उठते, सगळ्यांचे डबे भरते, स्वतः उभ्याउभ्या कोरा चहा पिते, त्यावर लोहाची गोळी घेते आणि कदंब बस पकडते. रात्रीपासून पोट रिकामं, चहाने आम्ल चाळवलेलं, लोह जठराला टोचतंय, वर बसची वळणं. अकराची पेज आजीबरोबर शेतात राहिली. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट शोषलीही जात नाही. मळमळत असेल तर ती जेवणानंतर किंवा रात्री घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, वेदनाशामक आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनीही मळमळतं. उठल्यावर आधी पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) एखादं कोरडं कांकण, म्हणजे कडक गोल पाव, चावून खाल्लं तरी पुष्कळ फरक पडतो. गरोदर बाईलाही तेच लागू.

मधुमेहाचं मात्र इथे थांबून सांगायला हवं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या 26.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. देशाची सरासरी 11.4. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की व्हेगस नस दुबळी होते आणि जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो. रात्रीचा भात सकाळीही पोटातच असतो. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होणं, उलटीत कालचं अन्न दिसणं ही त्याची खूण.

अर्धशिशीची मळमळ बऱ्याचदा पहाटे जाग येतानाच असते आणि पाळीच्या आदल्या एक-दोन दिवसांत, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरताना, ठरून येते. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की रात्रभर नाकातला शेंबूड घशात उतरतो आणि सकाळी पोट ढवळतं. जाग आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक झपाट्याने वाढतं. मनावर ताण असेल तर पोटाला तो तेव्हाच जाणवतो. ‘मनाचं आहे’ म्हणून त्याला उडवून लावू नये, नस खरी आहे आणि मळमळही खरी आहे.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. सकाळी डोकं दुखून उलटी होणं, झोपल्यावर ते वाढणं, नजर अंधुक होणं: यात कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. पाय सुजणं, लघवीला फेस येणं आणि सकाळची मळमळ एकत्र असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मूत्रपिंडाचा हा आजार किती घरांत शिरलाय ते तिथल्या लोकांना सांगायला नको. वजन उतरणं, उलटीत रक्त, डोळे पिवळे होणं, गरोदर बाईच्या पोटात पाणीसुद्धा न टिकणं, यांपैकी काहीही असलं तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. मळमळीबरोबर दरदरून घाम, छातीत जडपणा, जबड्यात किंवा पाठीत कळ असेल तर 108 ला फोन करा. बायकांचा हृदयविकाराचा झटका अनेकदा असाच येतो आणि घरात त्याला पित्तच म्हटलं जातं.

बाकी सगळ्यांसाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरे. पंधरा दिवस त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा: डोळे उघडण्याआधी की नंतर, कूस बदलताना की उभं राहताना, चहाआधी की गोळीनंतर, पाळीचा कितवा दिवस, रात्री किती वाजता जेवलात. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून सोबत न्या.