वर्ध्याचा चौथा आमदार

गावाची लोकसंख्या १५०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीत ७ सदस्य, १५०१ झाली की ९. पुढे ३००० ओलांडली की ११, ४५०० ओलांडली की १३, ६००० ओलांडली की १५, आणि ७५०० च्या वर गाव कितीही मोठं असलं तरी १७. हे कोष्टक ग्रामसेवकाला तोंडपाठ असतं आणि गावात निवडणूक लढवणाऱ्यांनाही. इथे लोकसंख्या म्हणजे मागच्या जनगणनेत छापून आलेला आकडा. आज गावात प्रत्यक्ष किती माणसं राहतात, कोण पुण्याला गेलं, कोणाचं घर कुलूपबंद आहे, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. २०११ नंतर देशात जनगणना झालीच नाही, म्हणून त्यानंतरच्या निवडणुकांतही सदस्यसंख्या आणि प्रभाग २०११ च्याच आकड्यांवर ठरत आले.

ग्रामपंचायतीचा हिशेब निदान सरळ आहे. गाव वाढलं तर सदस्य वाढतात, शेजारच्या गावाचं काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. विधानसभेचं तसं नाही. तिथे एकूण जागा ठरलेल्या आहेत, २८८. वावर तेवढंच ठेवून वाटणी माणशी करायची म्हटलं, तर ज्या भावाच्या घरी माणसं हळू वाढली त्याचा धुरा, म्हणजे बांध, आत सरकतो, त्याच्या घरचं एकही माणूस कमी झालेलं नसलं तरी. विदर्भाच्या बाबतीत २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आणि जागा नव्याने ठरल्या तेव्हा, हेच घडलं. लोकसभेचे मतदारसंघ ११ वरून १० झाले आणि विधानसभेचे ६६ वरून ६२. वाशीम आणि चिमूर हे लोकसभेचे स्वतंत्र मतदारसंघ संपले. त्यांची नावं आता यवतमाळ-वाशीम आणि गडचिरोली-चिमूर अशा जोडनावांत उरली आहेत.

हा बदल कोणाच्या तरी मर्जीवर झाला, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. कोणतं गाव कुठल्या मतदारसंघात टाकायचं यावर ओढाताण झाली असेल, पण जागांची संख्या भागाकारातून आली आणि तो भागाकार कोणालाही करून पाहता येतो.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार होती. तिला २८८ ने भागलं की एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं येतात. आता प्रत्येक जिल्ह्याच्या लोकसंख्येला या सरासरीने भागायचं, कारण विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजार होती. भागाकार आला ३.६८. आमदार तुकड्यात निवडता येत नाही, म्हणून अर्ध्याच्या वरचा अपूर्णांक पूर्ण धरायचा. वर्ध्याला ४ जागा मिळाल्या: आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा. भंडाऱ्याचा भागाकार ३.३८ आला, तिथे ३. गोंदियाचा ३.५७, तिथे ४. असं करत अकरा जिल्ह्यांची बेरीज केली की बरोबर ६२ येते.

तीच रीत २०११ च्या आकड्यांना लावून बघू. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार झाली, म्हणजे जागा २८८ च ठेवल्या तर एका आमदारामागची सरासरी ३ लाख ९० हजारांवर गेली. वर्धा जिल्हा दहा वर्षांत १३ लाखांवर पोचला. चौसष्ट हजार माणसं वाढली. तरी भागाकार ३.६८ वरून ३.३३ वर उतरतो आणि चौथा आमदार जातो. अमरावतीचा भागाकार ७.७५ वरून ७.४० होतो, तिथे आठाचे सात. गोंदियाचा ३.५७ वरून ३.३९, तिथे चाराचे तीन. विदर्भातले बाकीचे आठ जिल्हे जागच्या जागी राहतात आणि ६२ च्या ५९ होतात. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. २०११ च्या आकड्यांवर पुनर्रचना झालेली नाही आणि पुढची होईल ती नव्या आकड्यांवर. पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते यातून दिसतं.

कारण उघड आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. वर्धा ५.२ टक्के, भंडारा ५.७ टक्के, चंद्रपूर ६.४ टक्के. त्याच काळात पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी आणि ठाणे ३६ टक्क्यांनी वाढला. आपल्या गावांतली वाढ मंदावण्यामागे दोन गोष्टी एकत्र काम करतात. एक म्हणजे मुलं कमी होणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आढळली. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतात. दुसरी म्हणजे बाहेर पडणं. कापूस-सोयाबीनच्या हिशेबात चार माणसांचं भागत नाही, मग शिकलेला मुलगा नागपूर, पुणे, हैदराबादची वाट धरतो. तो गेला की पुढे त्याची मुलंबाळंही तिकडच्याच जनगणनेत मोजली जातात. म्हणजे गावातून गेला तो एकटा, पण आकड्यातून अख्खं एक कुटुंब गेलं. वर्धा, यवतमाळ भागातल्या महसुली गावयाद्या चाळल्या तर नावापुढे ‘रीठ’ लिहिलेली गावं भेटतात. हद्द आहे, सातबारे आहेत, पेरणीही होते, पण लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. ती गावं पूर्वीच्या काळी ओस पडली. आजची गावं तशी ओस पडलेली नाहीत, ती फक्त म्हातारी होत चालली आहेत.

देशपातळीवर नेमक्या याच प्रश्नाची मोठी चर्चा चालते. दक्षिणेकडच्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांची वाढ मंदावली. मग लोकसंख्येच्या प्रमाणात खासदार वाटले तर त्यांची शिक्षाच होईल, हा त्यांचा आक्षेप आहे. तो मान्य करूनच १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतली जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणून महाराष्ट्राच्या वाट्याला आजवर लोकसभेच्या ४८ जागाच आहेत.

पण गोठवलं ते राज्याराज्यांमधलं. राज्याच्या पोटातल्या हद्दी मात्र नव्या लोकसंख्येप्रमाणे आखायच्या होत्या आणि २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना ठरवून दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) आयोगाने त्याप्रमाणे देशातल्या बहुतेक राज्यांतल्या हद्दी नव्याने आखल्या आणि २००८ पासून त्या लागू झाल्या. म्हणजे हळू वाढणाऱ्या राज्याला घटनेने संरक्षण दिलं, हळू वाढणाऱ्या प्रदेशाला दिलं नाही. केरळ किंवा तमिळनाडूला ज्याची भीती वाटते ते विदर्भाने २००८ मध्येच सोसलं आहे. एका मताचं मोल सगळीकडे सारखं असावं हे तत्त्व मला मनापासून मान्य आहे. पुण्या-ठाण्याच्या मतदाराचं मत वर्ध्यापेक्षा हलकं पडावं असं कोणी म्हणू नये. पण जे तर्कशास्त्र राज्यांना लागू झालं ते राज्याच्या आतल्या मागास भागांना का लागू होऊ नये, हा प्रश्न महाराष्ट्रात जितक्या गांभीर्याने विचारला जायला हवा होता तितका विचारला गेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गडचिरोलीकडे पाहिलं की हे अधिक टोचतं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आमदार ३. मुंबई शहर आणि उपनगर मिळून क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस किलोमीटर, आमदार ३६. अहेरी मतदारसंघात अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा आणि सिरोंचा असे पाच तालुके येतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तिथल्या माणसाचा आमदार मात्र सिरोंच्यालाही तोच असतो. लोकसभेचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ तर गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून थेट तेलंगणाच्या सीमेपर्यंत पसरला आहे. कायद्याला हे अगदीच दिसत नाही असं नाही. २००२ चा परिसीमन कायदा मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, नैसर्गिक रचना, दळणवळणाची साधनं आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी असं सांगतो. पण हे निकष हद्द कुठून जाईल ते ठरवताना उपयोगी पडतात. किती जागा मिळतील ते लोकसंख्येवरच ठरतं. डोंगर, नदी, जंगल यांना भागाकारात जागा नाही.

राखीव जागांची रीत वेगळी आहे. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त तिथे, म्हणून गडचिरोलीच्या तिन्ही जागा राखीव आहेत. अनुसूचित जातींच्या जागा प्रमाण जास्त असलेल्या भागांत, पण राज्यभर विखुरलेल्या. २००८ नंतर महाराष्ट्रात विधानसभेच्या २५ जागा जमातींसाठी आणि २९ जातींसाठी राखीव आहेत.

एवढं सगळं ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडा कसा तयार होतो? २०११ ला गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीची स्थिती प्रमाण धरली गेली. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढची गणनाही १ मार्च २०२७ हाच क्षण प्रमाण धरून व्हायची आहे. २०११ चा नियम असा होता: माणूस नेहमी जिथे राहतो आणि त्या वीस दिवसांत थोडा काळ तरी जिथे होता किंवा परतणार होता, तिथे त्याची नोंद. पूर्ण वीस दिवस घराबाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे.

आता फेब्रुवारीत विदर्भातली माणसं कुठे असतात ते आठवा. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. २०११ ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती, गणना संपल्यानंतर. २०२७ चीही मार्चमध्ये उशिराच आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून याच दिवसांत बायामाणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मोजणीचा पूर्ण काळ ती तिकडेच असली तर त्यांची नोंद तेलंगणाच्या आकड्यात होते. धारणीचं कुटुंब परतवाड्याला वीटभट्टीवर असेल तर जिल्ह्याचा आकडा तोच राहतो, फक्त मेळघाटचा घटून अचलपूरचा वाढतो. ते अकोल्याला किंवा मध्य प्रदेशात गेलं असेल तर अमरावती जिल्ह्यातूनच वजा होतं. हजार-दोन हजारांनी काय बिघडतं, असं वाटेल. बहुतेक जिल्ह्यांत काही बिघडत नाही. पण अपूर्णांक अर्ध्याच्या आसपास असला की बिघडतं. मघाच्या हिशेबात अमरावतीची आठवी जागा सुमारे ३८ हजारांनी हुकते, गोंदियाची चौथी सुमारे ४३ हजारांनी. अमरावतीची लोकसंख्या जवळपास २९ लाख आणि गोंदियाची १३ लाख, त्या मानाने हे अंतर फार मोठं नाही.

मतदारयादीशी या सगळ्याची गल्लत होऊ नये. पुनर्रचना मतदारांवर नाही, लोकसंख्येवर होते. पाळण्यातलं मूलही एक आणि नव्वद वर्षांची आजीही एक. गावी मतदार कार्ड असलेला पण पुण्यात राहणारा मुलगा मतदानाला गावी येतो, मोजला मात्र पुण्यात जातो. उलटही घडतं. २००२ साली जन्मलेल्या मुलीने २०२४ ला विधानसभेसाठी मत दिलं ते अशा मतदारसंघात, ज्याची हद्द आखताना धरलेल्या लोकसंख्येत ती नव्हतीच.

हद्दी आखताना आयोगासमोर जे नकाशे असतात त्यांत गावापर्यंतचे आकडे असतात. ग्रामीण भागात तालुका सरासरीत बसला नाही तर तो महसूल मंडळावर तोडतात, तेही जुळलं नाही तर तलाठ्याच्या साझ्यावर, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांच्या हद्दीवर. म्हणून कधी कधी तहसील कार्यालय एका मतदारसंघात आणि त्याच तालुक्यातली पंधरा-वीस गावं दुसऱ्यात अशी स्थिती होते, आणि पाणंद रस्त्याच्या निधीसाठी सरपंचाला नेमकं कोणत्या आमदाराकडे जायचं हे समजावून सांगावं लागतं. आराखडा आधी प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. अंतिम आदेश निघाला की तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो आणि राज्यघटनेच्या ३२९ व्या कलमामुळे न्यायालयात त्याला सहसा आव्हान देता येत नाही. त्यामुळे अमुक साझा अमुक मतदारसंघात का, मधे नदी आहे, पूल नाही, बाजार दुसरीकडे आहे, हे सगळं ग्रामसभेच्या ठरावासह मांडायचं ते हरकतींच्या मुदतीतच मांडावं लागतं. जागांच्या संख्येवर मात्र त्या सुनावणीत वाद घालता येत नाही. ती फेब्रुवारीतल्या मोजणीतच ठरून गेलेली असते.