पिक्सेलला हात लावायचा आहे का?

कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहून गेलं, की भारतात काढलेल्या प्रत्येक फोटोवर साडेपाच तास मागची वेळ उमटते. असे शेकडो फोटो टर्मिनलमधल्या, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीतल्या, एका ओळीत दुरुस्त होतात. ती ओळ कोणत्या साधनाला द्यायची हे ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या कामासाठी पिक्सेलला हात लावावा लागतो का?

जेपीईजी फाइलच्या सुरुवातीला माहितीचे छोटे खंड असतात. वेळ, लेन्स, जीपीएस हा एक्झिफ मजकूर, म्हणजे फोटोबद्दलची माहिती (मेटाडेटा), त्यातल्याच एका खंडात बसतो. खंडाची लांबी फक्त दोन बाइटमध्ये लिहिलेली असल्यामुळे तो 65,535 बाइटपेक्षा मोठा होऊ शकत नाही. खरं चित्र या सगळ्यानंतर, दाबून भरलेल्या स्वरूपात येतं.

फिल हार्वी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेलं एक्झिफटूल फक्त हे खंड बदलतं आणि चित्राचा भाग जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये उतरवतं. मूळ फाइलही वेगळ्या नावानं ठेवतं. सगळ्या तारखांमध्ये साडेपाच तास मिळवायला मला तरी याहून विश्वासाचं साधन माहीत नाही.

इमेजमॅजिकचा पिंड वेगळा आहे. जॉन क्रिस्टी यांनी 1987 मध्ये सुरू केलेलं हे साधन चित्र पूर्ण उलगडतं, त्यावर काम करतं आणि पुन्हा दाबून लिहितं. जेपीईजीमध्ये चित्राचे 8×8 पिक्सेलचे चौकोन करून त्यांचे आकडे ढोबळ केले जातात. पुन्हा लिहिताना हे ढोबळीकरण पुन्हा होतं. आकार लहान करायचा, रंग सुधारायचे, तर ते अटळच आहे. पण नुसती तारीख बदलायला ही किंमत कशाला मोजायची? त्याचा मॉग्रिफाय हा आदेश तर थेट मूळ फाइलवरच लिहितो, म्हणून आधी प्रत काढलेली बरी.

इमेजमॅजिकचा, मेटाडेटा काढून टाकणारा ‘स्ट्रिप’ हा पर्यायही जपून वापरावा. मेटाडेटासोबत रंगांचं प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद) उडालं, की रुंद रंगपट्ट्यातले, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग सामावणारे फोटो फिके दिसू लागतात. दिशेची नोंद गेली, की उभा फोटो आडवा पडतो. ठिकाण लपवायचं असेल, तर एक्झिफटूलनं जीपीएसच्याच नोंदी काढाव्यात, आणि एक्सएमपी या मेटाडेटाच्या दुसऱ्या प्रकारात त्यांची दुसरी प्रत नाही ना, तेही पाहावं. 2012 साली अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक, फरार जॉन मॅकाफी ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं, ते प्रसिद्ध झालेल्या एका फोटोतल्या जीपीएसमुळेच.

फोटो फक्त फिरवायचा असेल, तर जेपीईजीट्रॅन हे साधन. ते चित्र न उलगडता चौकोनांचे आकडेच हलवतं, त्यामुळे दर्जा घटत नाही. मात्र मापं चौकोनांत पूर्ण बसत नसतील, तर कडेला अडचण येते.

मोठ्या संग्रहाची लघुचित्रं करताना संगणकाच्या स्मृतीचा (रॅमचा) प्रश्न येतो. 6000×4000 चा फोटो, तीन रंग, प्रत्येकाला 16 बिट धरले, तरी 144 मेगाबाइट लागतात. लिबव्हिप्स हे साधन शक्य तिथे अख्खं चित्र स्मृतीत न घेता तुकड्यातुकड्यानं काम करतं. अशा कामाला मी तेच निवडेन.

मेटाडेटा बदलल्यावर चित्र खरंच जसंच्या तसं राहिलं का, हे तपासताही येतं. इमेजमॅजिकचा आयडेंटिफाय आदेश पिक्सेलच्या किमतींवरून एक सही, म्हणजे चित्राची ओळख पटवणारा संकेत, काढून देतो. बदलाआधीची आणि नंतरची सही जुळली, तर एकही पिक्सेल हललेला नाही.