बासरी फुसफुसते, वाजत का नाही?

पियानोची पट्टी कुणीही दाबली तरी स्वर वाजतो. लाकडी आडव्या बासरीचं तसं नाही. नवखा माणूस फुंकतो, नुसता फुसफुसाट होतो, मग तो आणखी जोर लावतो. इथेच गाडं अडतं, कारण पहिल्या स्वराला जोर फारसा लागत नाही. त्याला लागते झोताची नेमकी दिशा, नेमकी जाडी आणि नेमका वेग.

क्लॅरिनेटमध्ये कंप पावणारी पत्ती असते. शिट्टीत हवेची वाट आधीच कोरलेली असते. आडव्या बासरीत यातलं काहीच नाही, नुसती नळी आणि तिच्या कडेला एक भोक, म्हणजे मुखरंध्र. उरलेला भाग वाजवणाऱ्याने ओठांनी तयार करायचा.

ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्र ओलांडून पलीकडच्या धारेवर आदळतो. नळीतली हवा कंप पावू लागली की रंध्रातून थोडी हवा आत-बाहेर होते आणि ती या झोताला ओठांपाशीच हलवते. झोतावर एक लाट उठते, धारेपर्यंत जाते आणि झोत कधी आत, कधी बाहेर वळतो. तो योग्य क्षणी आत शिरला तर कंपनाला बळ मिळतं आणि स्वर टिकतो. चुकीच्या क्षणी शिरला तर कंपन विझतं.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा. झोत सेकंदाला २० मीटर वेगाचा असेल, तर त्यावरची लाट साधारण निम्म्या वेगाने पुढे सरकते. ओठ ते धार हे अंतर ८ मिलिमीटर धरलं, तर तिला पोचायला सुमारे ०.८ मिलिसेकंद लागतात. हा वेळ नळीतल्या कंपनाशी जुळला पाहिजे. ओठ धारेपासून लांब राहिले किंवा झोत संथ पडला तर लाट उशिरा पोचते आणि फुसफुसाट ऐकू येतो. झोत फार वेगवान झाला तर स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो.

सुरुवात संपूर्ण बासरीवर करू नका. तुकड्यांची बासरी असेल तर फक्त मुखरंध्राचा तुकडा, म्हणजे डोकं, हातात घ्या. अखंड नळीची असेल तर बोटांची सगळी भोकं उघडी ठेवा. आरशासमोर उभे राहा. ओठ सहज मिटा, गाल फुगवू नका. मुखरंध्र दोन्ही ओठांच्या मधोमध टेकवा आणि नळी साधारण पाव फेरा बाहेरच्या बाजूला फिरवा, म्हणजे रंध्राची जवळची कड खालच्या ओठाच्या कडेला येईल. खालच्या ओठाने रंध्राचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकलेला असावा.

आता ओठांच्या मध्ये बारीक फट ठेवा: उंची एक मिलिमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या पाच-सहापट. ही फट बरोबर आहे का, ते बासरी बाजूला ठेवूनही तपासता येतं. तळहात तोंडापासून वीतभर लांब धरा आणि फुंकर मारा. तळहातावर एकाच ठिकाणी गार, अरुंद पट्टा जाणवला तर झोत चांगला आहे. सगळा पंजा कोमट झाला तर फट फार मोठी आहे, आणि मग कितीही जोर लावला तरी हवाच वाया जाते. काहींच्या वरच्या ओठाच्या मध्यभागी टोक असतं. त्यांची फट आपोआप किंचित एका बाजूला उघडते. ती जबरदस्तीने मध्ये आणू नका, नळीच तितकी सरकवा.

फुंकर समोर आणि किंचित खाली, पलीकडच्या धारेवर जाऊ द्या. ती चालू ठेवूनच नळी अगदी सावकाश आत-बाहेर फिरवा. फुसफुसाटातून अचानक स्वर निघेल असा एक अरुंद कोन सापडतो. सापडला की थांबा, नळी खाली घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून तीच जागा शोधा. एकच स्वर लांबवत बसण्यापेक्षा हे शोधणंच जास्त उपयोगी आहे. स्वर दबलेला आणि उतरलेला वाटला तर रंध्र जास्त झाकलं गेलंय. पोकळ आणि हवा मिसळलेला वाटला तर कमी झाकलंय.

डोक्याचं मोकळं टोक तळहाताने बंद करून बघा. स्वर जवळपास एक सप्तक खाली येतो, कारण एक टोक बंद असलेल्या नळीत तरंगलांबीचा पाव भागच मावतो, दोन्ही टोकं उघडी असताना अर्धा. इथे जोरात फुंकलं तर ‘सा’वरून तार ‘सा’ येत नाही, थेट तार सप्तकातला पंचम येतो.

चक्कर आली तर लगेच थांबा. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. मिनिटभर नेहमीसारखा श्वास घेतला की बरं वाटतं. फट लहान झाली की हवाही कमी लागते आणि हा त्रास मागे पडतो.

डोकं भरवशाने वाजू लागलं की बासरी जोडा आणि वरून खाली एकेक भोक झाकत जा. एखाद्या बोटाशी स्वर फाटला तर बहुतेक वेळा दोष ओठांचा नसतो. वरच्या एखाद्या भोकातून केसाएवढी हवा निसटत असते, आणि त्याने खालचे सगळे स्वर बिघडतात. बोट दाबून उपयोग नाही, पेराचा मऊ भाग भोकावर सपाट बसला पाहिजे.

लाकडाला दोष देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७१ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून सारख्या मापाच्या बासऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. न बघता ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही त्यांतला फरक ओळखता आला नाही. मुखरंध्राचा आकार आणि धार मात्र फार महत्त्वाची. धार बोथट झाली असेल किंवा डोक्याचं वरचं टोक बंद करणारं बूच सरकलं असेल तर जाणकारालाही ती बासरी त्रास देते. बूच रंध्राच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरवर असतं.

नवी लाकडी बासरी सुरुवातीचे काही आठवडे एका वेळी १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये. श्वासातल्या बाष्पाने आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं कोरडंच राहतं आणि त्या ताणाने तडा जाऊ शकतो. वाजवून झालं की सळईला मऊ कापड गुंडाळून नळी आतून पुसा, आणि लगेच बंद डबीत ठेवू नका.