क्रॉल स्पेसमधली ओल, बुरशी आणि वाळवी

काही लाकडी घरं थेट जमिनीवर न टेकवता बुटक्या भिंतींवर नाहीतर खांबांवर उचलून बांधतात, मग खालच्या मजल्याचे वासे आणि माती ह्यांच्यामध्ये दोन-चार फुटांची जी पोकळी राहते ती क्रॉल स्पेस. आत उभं राहता येत नाही, रांगत जावं लागतं, म्हणून हे नाव. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये अशी घरं भरपूर आहेत. पाइप, वायरी, गरम-गार हवा नेणारे डक्ट सगळं इथूनच फिरवलेलं असतं पण वाकून बघायला कोणी जात नाही, त्यामुळे वर कुबट वास यायला लागला किंवा चालताना जमीन दबायला लागली की मगच जाग येते.

ओल, बुरशी, वाळवी ह्यांच्यासाठी तीन वेगळी माणसं बोलावली जातात, खरं तर आधी पाण्याचा बंदोबस्त करायला हवा. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असला तर बुरशी सहसा धरत नाही, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तर साधारण २८-३० टक्के लागतात. जमिनीतली वाळवीही कोरड्या हवेत सुकून मरते, म्हणून ती मातीची ओल सोडत नाही. पाणी येतं कुठून, तर भिंतीलगत रिकामा होणारा पन्हळीचा पाइप, घराकडे येणारा उतार, गळका नळ आणि उघडी माती, जिच्यातून वाफ सतत वर येत असते. बाहेरच्या जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी उतार घरापासून दूर हवा.

पूर्वीपासूनची समजूत अशी की पोकळीच्या भिंतींत हवेसाठी जाळ्या ठेवल्या, हवा खेळली की ओल जाते. कोरड्या हवेत ठीक आहे. पण बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, जवळपास २४ अंश असतो, आणि खालचे पाइप-डक्ट त्याहून थंड असले की त्यांच्यावर पाणी सुटतं, म्हणजे वाळवायला आणलेली हवाच भिजवून जाते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी जाळ्या बंद करून मातीवर निदान ०.१५ मिमी जाडीचं प्लास्टिक अंथरतात, जोड ६ ते १२ इंच एकावर एक घेऊन टेप मारतात, कडा भिंतीवर चढवतात आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) लावून आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवतात. पाणी साचत असताना हे करू नये, खाली डबकंच राहतं. आणि आत गॅसचा हीटर तिथलीच हवा घेऊन जळत असेल तर जाळ्या बुजवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइड होतो.

बुरशी भिजलेल्या लाकडावर २४ ते ४८ तासांत धरू शकते, आणि खालची हवा फटींतून वर घरात शिरते म्हणून तो फक्त खालचा प्रश्न राहत नाही. ब्लीच मारायचा मोह आवरावा, लाकूड त्यातलं पाणी तेवढं पितं. मास्क घालून साबणाच्या पाण्याने घासायचं, नीट वाळवायचं, मऊ पडलेलं लाकूड बदलायचं.

खरा पेच वाळवीशी आहे, कारण ओलीवरचा उपाय इथे आडवा येतो. जाळ्या बंद केल्यावर उष्णता अडवायला भिंतीला आतून फोम लावला की वाळवी त्याच्या आतून पोखरत वासे गाठते आणि दिसतच नाही, म्हणून फोमच्या वर साधारण ३ इंचांची पट्टी मुद्दाम उघडी सोडतात, वाळवी ज्यांतून वर चढते त्या मातीच्या नळ्या तिथे नजरेला पडाव्यात म्हणून. औषधही प्लास्टिक अंथरायच्या आधी मातीत जिरवलेलं बरं, हल्ली फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड वापरतात नाहीतर आमिषाचे डबे पुरतात. अमेरिकेत आधी क्लोर्डेन असायचं, ते वर्षानुवर्षं मातीत टिकतं, १९८८ मध्ये तिथे बंद झालं.

पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी दिसली तर मधला तुकडा तोडून काही दिवसांनी परत बघायचं, बुजवलेली असेल तर वाळवी जिवंत आहे. तशीच राहिली तरी गेली असं धरू नका, तिने दुसरीकडून वाट काढलेली असू शकते.