मोटारगाडीच्या एसीतील तापमान नियंत्रण : विद्युत दोषनिदान

गाडीतली हवा चालकाने ठरवलेल्या तापमानावर ठेवण्यासाठी सेन्सर, नियंत्रक आणि मोटरी यांची एक साखळी काम करते. या साखळीतला विजेचा दोष नेमका कोणत्या कडीत आहे, हे मोजमापाने शोधण्याची ही पद्धत आहे. सुटे भाग एकामागून एक बदलत राहणे म्हणजे निदान नव्हे. संकेत कुठवर नीट पोचतो आणि कुठे हरवतो, एवढेच यात पाहायचे असते.

गाडीत गारवा दोन ठिकाणी कमी-जास्त होतो. एक म्हणजे गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर, जो विजेच्या चुंबकाने पकडणाऱ्या क्लचने चालू-बंद होतो किंवा दर फेरीला ढकलला जाणारा गॅस कमी-अधिक करतो. दुसरा डॅशबोर्डच्या आतला फ्लॅप. कूलिंग कॉइलवरून आलेल्या गार हवेपैकी किती हवा हीटरवरून जाऊ द्यायची, हे तो ठरवतो. जुन्या गाड्यांत हा फ्लॅप नॉबला जोडलेल्या तारेने ओढला जाई. कॅडिलॅकने १९६४ मध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ हे स्वयंचलित नियंत्रण आणले. पुढे हे काम सेन्सर आणि मोटरींकडे गेले आणि दोषांचे स्वरूपही बदलले.

दोष विजेचाच आहे का, हे आधी ठरवावे लागते. एसी चालू असताना कूलिंग कॉइलकडून परतणारा जाड पाइप हाताला गार लागतो आणि तरीही जाळीतून गरम वारे येते, तर गॅसची बाजू बहुधा ठीक असते. फ्लॅप आणि त्याची मोटर तपासावी. दोन्ही बाजूंना वेगळे तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत एकीकडे गार व दुसरीकडे गरम वारे आले, तरी संशय फ्लॅपवरच जातो. मात्र गॅस कमी झाल्यावरही दोन्ही बाजूंत फरक पडतो, म्हणून दाब मोजल्याशिवाय डॅशबोर्ड उघडू नये. क्लच पकडतच नसेल तर त्यामागे वीज असेल किंवा गॅस. दाब फार उतरला की प्रेशर स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर बंद ठेवतो. अशा वेळी स्विचच्या दोन टोकांना वायर जोडून एसी चालवण्याची सवय फार घातक आहे. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसला की तेलही पोचत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

बहुतेक तापमान सेन्सर थर्मिस्टर असतात. तापमान वाढले की त्यांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. नियंत्रक आतल्या एका रोधातून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले यावरून तापमान काढतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि नियंत्रकाला वाटते की कडाक्याची थंडी आहे. वायर अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या धातूला) टेकली तर शून्य व्होल्ट, म्हणजे भट्टीसारखी उष्णता. कूलिंग कॉइलच्या सेन्सरची वायर तुटली की कॉइल गोठल्याच्या समजुतीने कॉम्प्रेसर बंद राहतो. तीच अर्थला टेकली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि वाऱ्याचा झोत मंदावत जातो. अशा वेळी नियंत्रक बिघडलेला नसतो. चुकीच्या माहितीवर तो बरोबर निर्णय घेत असतो. हे ध्यानात न आल्याने कितीतरी धडधाकट नियंत्रक बदलले जातात.

याची परीक्षा सोपी आहे. सेन्सरचा कनेक्टर काढून स्कॅनरवर, म्हणजे नियंत्रकातले आकडे आणि दोषांचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहावे. तापमान अगदी खाली, अनेकदा उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे. मग कनेक्टरची दोन टोके वायरने जोडावी. आकडा कमाल मूल्यावर गेला पाहिजे. दोन्ही घडले तर वायरिंग आणि नियंत्रक चांगले आहेत, दोष सेन्सरात आहे. काही गाड्यांत दोष कळताच नियंत्रक ठरावीक आकडा दाखवतो, तिथे स्कॅनरऐवजी वायरवरचे व्होल्टच मोजावे.

फ्लॅप मोटरला अनेकदा पाच वायरी असतात : दोन मोटरच्या, तीन फ्लॅपची जागा सांगणाऱ्या रोधाच्या. फ्लॅप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना संकेत साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टपर्यंत न अडखळता सरकला पाहिजे. डॅशबोर्डातून टकटक आवाज येत असेल तर प्लास्टिकच्या गिअरचे दात तुटलेले असण्याची शक्यता मोठी. मोटर बदलल्यावर, आणि काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही, कॅलिब्रेशन करावे लागते, म्हणजे फ्लॅपची दोन्ही टोके नियंत्रकाला नव्याने शिकवावी लागतात. ते न केल्यास नवी मोटरही चुकीच्या जागी थांबते.

सर्वाधिक चकवतो तो गंजलेला जोड. क्लच कॉइलचा रोध ४ ओहम धरला तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह हवा. वाटेतल्या जोडात १ ओहम जरी वाढला तरी प्रवाह २.४ अँपिअरवर येतो आणि कॉइलला ९.६ व्होल्टच मिळतात. कनेक्टर काढून मोजले तर मात्र मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण तेव्हा प्रवाहच वाहत नसतो. म्हणून भार चालू ठेवूनच व्होल्टची घट मोजावी : मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीवर, दुसरे कॉइलवर, आणि अर्थच्या बाजूनेही तसेच. सकाळी चालणारा आणि इंजिन तापल्यावर बंद पडणारा एसी बऱ्याचदा इथेच सापडतो. कॉइलच्या तांब्याचा रोध ८० अंशांच्या वाढीत सुमारे ३० टक्के वाढतो, चुंबकाची ओढ कमी होते आणि झिजून फट वाढलेला क्लच मग पकडत नाही.

क्लच नसलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस कमी-अधिक करणाऱ्या झडपेला तुकड्यातुकड्यांनी वीज मिळते. साधा मल्टिमीटर तिथे फक्त सरासरी दाखवतो, व्होल्टचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. स्कॅनरवरचे कोडही जपून वाचावे. पी०६४५ हा क्लच रिलेच्या (क्लचची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) नियंत्रण मार्गाचा कोड आहे. रिलेच खराब आहे असे तो सांगत नाही.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना टेस्ट लॅम्प लावू नये. हायब्रीड आणि विजेवरच्या गाड्यांत कॉम्प्रेसरच्या नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. हा उच्च व्होल्टचा वीजपुरवठा रीतसर तोडून व्होल्ट शून्य झाल्याची खात्री करण्याचे प्रशिक्षण असल्याखेरीज त्यांना हात लावू नये.