ख्राइस्ट अरोज

ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, उपासनेत गायले जाणारे एक इंग्रजी भक्तिगीत. ‘लो इन द ग्रेव्ह ही ले’ या पहिल्या ओळीनेही ते ओळखले जाते. अमेरिकन बाप्टिस्ट पाळक रॉबर्ट लाउरी (१८२६–१८९९) यांनी १८७४ मध्ये ते रचले. शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. पुढच्याच वर्षी, संगीतकार विल्यम डोन यांच्यासोबत संपादित केलेल्या ‘ब्राइटेस्ट अँड बेस्ट’ या संग्रहात ते छापले गेले.

गीतात तीन कडवी आहेत. पहिल्यात येशू कबरेत निजला आहे आणि उजाडण्याची वाट पाहिली जात आहे. दुसऱ्यात कबरेवरचा पहारा आणि शिक्का येतो; हा तपशील चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि दोन्ही व्यर्थ ठरल्याचे गीत सांगते. तिसऱ्या कडव्यात मृत्यूला आपले भक्ष्य राखता येत नाही.

या गीताचे खरे बळ त्याच्या लयीत आहे. कडवे संथ, खालच्या पट्टीत, जवळजवळ शोकगीतासारखे चालते. ध्रुवपद सुरू होताच लय दुडकी होते, सूर झपाझप वर चढतात आणि खालचे आवाज ‘ही अरोज’ (तो उठला) हे शब्द पाठोपाठ परत म्हणतात. शेवटी हालेलुयाचा घोष होतो. येशूच्या मृत्यूच्या शुक्रवारचे दुःख आणि पुनरुत्थानाच्या रविवारची पहाट गाणाऱ्याला अशी तीनदा अनुभवावी लागते, कारण प्रत्येक कडव्याबरोबर तो पुन्हा कबरेपाशी येतो. म्हणून कडवी घाईने उरकणे हा या गीतावर अन्याय आहे; संथपणा नसेल तर ध्रुवपदाची उसळी जाणवतच नाही. शब्द व चाल एकाच माणसाची असल्याने हा मेळ इतका घट्ट बसला असावा.

लाउरींचा जन्म फिलाडेल्फियाचा, शिक्षण पेनसिल्व्हेनियातील लुइसबर्ग विद्यापीठात (आजचे बकनेल). न्यू यॉर्क आणि ब्रुकलिन येथील मंडळ्यांची सेवा करून १८६९ मध्ये ते लुइसबर्गला परतले. तेथे ते पाळकही होते आणि अध्यापकही. हे गीत त्याच काळातले. १८६८ मध्ये संडे स्कूल गीतांचे संगीतकार विल्यम ब्रॅडबरी वारले, तेव्हा ‘बिग्लो अँड मेन’ या प्रकाशनसंस्थेच्या संडे स्कूल गीतसंग्रहांचे संपादन लाउरींकडे आले. त्यांतील ‘प्युअर गोल्ड’च्या (१८७१) दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्यांच्या नावावर सुमारे पाचशे चाली आहेत. ‘शॅल वी गॅदर ॲट द रिव्हर’ (१८६४) आणि ‘नथिंग बट द ब्लड’ (१८७६) यांचे शब्दही त्यांचेच. ‘आय नीड दी एव्हरी अवर’ लिहिले ॲनी हॉक्स या ब्रुकलिनच्या मंडळीतील गृहिणीने. चाल आणि ध्रुवपद मात्र तिचे पाळक लाउरी यांनी जोडले. गीतलेखिका फॅनी क्रॉस्बी यांच्या ‘ऑल द वे माय सेव्हियर लीड्स मी’लाही त्यांनीच चाल दिली. लाउरींची रचनेची ठरावीक पद्धत अशी नव्हती. कधी आधी सूर सुचत, कधी शब्द; सुचले की वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर किंवा पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवत. एवढे करूनही ते स्वतःला आधी उपदेशक मानत आणि संगीत दुय्यम समजत. त्यांची प्रवचने आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत, चाली मात्र अनेक पंथांच्या गीतपुस्तकांत आहेत. न्यू जर्सीतील प्लेनफिल्ड येथे त्यांचे निधन झाले.