कुलरची हवा, घामाचा हात आणि माउसपॅड

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा गेम खेळणाऱ्या पोरांची एक ठरलेली तक्रार असते, "दादा, माउस आज जड काबर चालून राहिला?" सकाळी बरा होता, दुपारी कुलर लावून दार लोटून बसलं की तासाभरात तोच माउस, तोच पॅड, पण एम म्हणजे नेम हलवताना चिकटल्यासारखं वाटतं. मग आधी पिंगला (इंटरनेटला लागणाऱ्या उशीराला) शिव्या, मग माउसला, आणि मग घरी नवीन माउसची मागणी. पॅडकडे कोणी बघत नाही कारण तो बहुतेक वेळा कॉम्प्युटरसोबत फुकट आलेला असतो. जे बघतात ते पण "स्पीड" घेऊ का "कंट्रोल" एवढंच विचारतात. माझं म्हणणं असं आहे की आपल्या खान्देशात पॅड घेताना आधी दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे तुमच्या खोलीतली हवा आणि दुसरं म्हणजे गेममध्ये मागे वळून बघायला तुमचा हात किती सेंटीमीटर सरकतो. स्पीड-कंट्रोल त्याच्या नंतर.

आधी हे बघू की पॅड लागतोच कशाला. माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो, खरंच कॅमेरा, बाजूला एक एलईडी तिरपा उजेड टाकते आणि कापडाचे धागे, लाकडाच्या रेघा, कागदाचे तंतू यांच्या बारीक सावल्या पडतात, त्याचे तो सेकंदाला हजारो फोटो काढतो. एडीएनएस ३०८० नावाचा जुना सेन्सर घ्या, फोटो फक्त ३० × ३० म्हणजे ९०० पिक्सेलचा, पण सेकंदाला ६४०० पर्यंत. नंतरचा गाजलेला पीएमडब्ल्यू ३३६० तर १२,००० पर्यंत जातो. आतली चिप मागचा फोटो आणि आताचा फोटो एकमेकांवर सरकवून बघते की कुठे जुळतात, आणि जेवढं सरकवावं लागलं तेवढा माउस हलला. म्हणजे खाली काहीतरी बारीक खडबडीतपणा पाहिजे. आरशासारख्या सनमायकावर किंवा साध्या काचेवर सावल्याच पडत नाहीत, मग कर्सर थरथरतो नाहीतर उड्या मारतो.

गंमत म्हणजे पॅडची गरज मधे एकदा संपलीच होती. एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला तो चाकांवर चालायचा. मग बॉलचा माउस आला, त्याला पकड मिळायला पॅड लागायचा (सायबर कॅफेत बॉल काढून आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडलाय त्यांना वेगळं सांगायला नको). १९८० च्या दशकातले पहिले ऑप्टिकल माउस तर रेघांची जाळी छापलेल्या खास धातूच्या पॅडशिवाय चालायचेच नाहीत. १९९९ ला मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि माउस टेबलावर, वहीवर, मांडीवर कुठेही चालायला लागला. ऑफिसवाल्यांचा विषय तिथेच संपला. गेमिंगवाल्यांनी पॅड धरून ठेवला तो घर्षणासाठी.

तर घर्षण. घरातली धान्याची भरलेली कोठी सरकवून बघा, पहिला हिसका जोरात द्यावा लागतो, एकदा हलली की मग त्याहून कमी जोरात सरकत राहते. जागचं हलायला लागतं ते स्थितिक घर्षण आणि सरकताना लागतं ते गतिक घर्षण. माउसचं पण हेच आहे, आणि या दोघांतला फरक जास्त असला की बारीक हालचाल बिघडते. शत्रूचं डोकं क्रॉसहेअरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या नेमाच्या खुणेच्या, दोन पिक्सेल बाजूला आहे, तुम्ही हळूच ढकलता, माउस हलत नाही, अजून थोडं ढकलता आणि तो एकदम पाच पिक्सेल जातो. मग परत मागे, परत तेच. लोक म्हणतात हात थरथरतो माझा. बऱ्याचदा हात नाही हो, पॅड.

माउसच्या खाली जे पांढरे गुळगुळीत तुकडे असतात, स्केट्स म्हणतात त्यांना, ते चांगल्या माउसमध्ये पीटीएफईचे म्हणजे टेफ्लॉनचे असतात, नॉनस्टिक तव्यावरचं तेच. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेटला दुसरंच काहीतरी करताना ते सापडलं. घन पदार्थांत इतकं कमी घर्षण फार थोड्यांचं असतं. आता हिशोब करा, ८० ग्रॅमच्या माउसचं वजन साधारण ०.८ न्यूटन. पण हाताचा दाब त्यात धरायचा राहतो. समजा हात अजून १ न्यूटनने दाबतोय, म्हणजे टेबलावर शंभर ग्रॅम ठेवल्याएवढंच, तरी माउसपेक्षा हाताचं ओझं जास्त झालं. म्हणून ८० चा माउस विकून ६० चा घेण्यात जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक मनगट सैल सोडण्यात पडू शकतो, आणि ते फुकट आहे.

हाच दाब मऊ पॅडवर ब्रेकचं काम पण करतो. ५-६ मिलिमीटरचा जाड मऊ पॅड असला की दाबल्यावर स्केट्स आत रुततात, पुढे कापडाचा बारीक उंचवटा उभा राहतो, माउस थांबतो. निशाण्यावर आलं की दाबून थांबायचं अशी सवय असलेल्यांना हे आवडतं. "कंट्रोल" पॅड म्हणजे बरंचसं हेच, विणीचा पोत थोडा खरखरीत आणि खाली रबर मऊ. "स्पीड" पॅड म्हणजे वीण बारीक-गुळगुळीत, नाहीतर सरळ प्लॅस्टिक किंवा काच. आणि कुठल्यातरी खोक्यावर एवढ्या-एवढ्या हजार डीपीआयला चालणारा पॅड असं छापलेलं दिसलं तर हसून सोडून द्या, डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की सेन्सर किती काउंट मोजतो ते, तो सेन्सरचा असतो, कापडाला कसला डीपीआय.

आता आपल्या हवेकडे या. मे मधली बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते म्हणूनच तर कुलर आपल्याकडे एवढा भारी चालतो, मुंबईत चालत नाही. कुलरच्या गवतावरून पाणी पडतं, हवा त्यातून जाते, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतून ओढली जाते, हवा गार. पण ते लिटरभर पाणी गेलं कुठे? तुमच्या खोलीत. खिडकी उघडी असेल तर ती ओली हवा बाहेर जाते, दार-खिडकी बंद करून बसलात तर दमटपणा साठत जातो आणि बाहेर वाळवंट असताना आत श्रावण होतो. कुलर उंबऱ्यापाशी आणि कॉम्प्युटर त्याच्या थेट समोर अशी मांडणी अर्ध्या घरांत असते, म्हणजे सगळा ओलावा आधी पॅडवर.

यात तीन गोष्टी एकदम होतात. पहिली, कापड. खान्देश कापसाचा मुलूख, पण माउसपॅड सुती नको, चादर किंवा गोधडीची घडी पण नको. नेहमीच्या दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याच्या आत. पाणी प्यायलेला धागा फुगतो, मऊ होतो, पोत बदलतो. चांगले कापडी पॅड पॉलिएस्टरचे असतात त्याचं एक कारण हे. दुसरी गोष्ट घामातलं मीठ. पॅडवर घाम वाळला की पाणी जातं, मीठ राहतं, त्याच्यावर कातडीचं तेल आणि मळ. आणि मिठाची खोड अशी की हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः पाझरायला लागतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तेच. म्हणजे सहा महिने न धुतलेल्या पॅडमध्ये तुम्ही स्वतःच ओलावा ओढणारा थर करून ठेवलाय आणि वरून बंद खोलीत कुलर, मग जड नाही चालणार तर काय.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच आहे. अडकतो तो कितीदा माउस नसतोच, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात असतो. कातडीचा वरचा थर ओलसर झाला की मऊ पडतो, पॅडला जास्त जागी टेकतो आणि घर्षण कोरड्या कातडीच्या काहीपट होतं. पटत नसेल तर एक करा, जड वाटत असताना नुसत्या बोटांनी माउस हलवून बघा. हलका चालला तर पॅड निर्दोष आहे, हाताला पातळ स्लीव्ह घाला, जुन्या टीशर्टची बाही कापून घातली तरी चालतं, दिसतं भंगार पण काम होतं. बोटांनी पण जड चालला तर मग पॅडचं बघू. पॅडवर कॅरमची पावडर टाकायचा उद्योग मात्र करू नका, पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग ती ओलावा आणि मळासोबत विणीत घट्ट बसते आणि थोडी सेन्सरच्या भोकात जाते.

काचेचे पॅड हल्ली फार चाललेत, वरून बारीक खरवडलेली टफन्ड काच, म्हणून सेन्सरला सावल्या मिळतात. ओलाव्याने काच फुगत नाही, पुसली की झालं, कुलरवाल्या खोलीसाठी कागदावर हे उत्तमच. पण उघडा ओला हात काचेवर कापडापेक्षा पण जास्त चिकटतो, तिथे स्लीव्ह लागणारच. शिवाय आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, खिडकी उघडी ठेवली की टेबलावर थर येतोच, कापडावर तो धाग्यांच्या मधे जातो, काचेवर सरळ स्केटखाली. टेफ्लॉन मऊ असतं, धुळीच्या कणांनी ओरखडतं, आणि काच मुळात स्केट्स लवकर झिजवते. रोज पुसायचा कंटाळा नसेल तर घ्या. मी घेणार नाही.

साइजचं मात्र मताचं काम नाही, गणित आहे. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीला गेम कितीने गुणतो तो आकडा) १ असताना माउसचा एक काउंट म्हणजे ०.०२२ अंश. तुमचा डीपीआय ८०० असेल तर एक इंच सरकवल्यावर ८०० × ०.०२२ म्हणजे १७.६ अंश वळाल. पूर्ण ३६० ला साडेवीस इंचाच्या जवळपास, म्हणजे ५२ सेंटीमीटर. व्हॅलोरंट या तशाच गेममध्ये एका काउंटचा आकडा ०.०७ आहे, तिथे ८०० डीपीआय आणि ०.३ सेन्सिटिव्हिटीला ५४ सेंटीमीटर येतात. म्हणजे मागून पावलं ऐकू आली आणि फक्त मागे वळायचं तरी २६-२७ सेंटीमीटर. फुकट आलेला पॅड असतो बावीस-चोवीस सेंटीमीटरचा, माउस अर्ध्या वळणात टेबलावर उतरतो, उचलून परत ठेवेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. असल्यांनी निदान ४५ × ४० सेंटीमीटरचा घ्यावा. उलट कोणी १६०० डीपीआय आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये ३ सेन्सिटिव्हिटी ठेवून खेळत असेल तर त्याचं पूर्ण वळण पावणेनऊ सेंटीमीटरात होतं, त्याने टेबलभर पॅड कशाला घ्यायचा, कीबोर्डखाली शोभेला हवा असेल तर गोष्ट वेगळी.

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात कुठल्या दुकानात पॅड हाताने चोळून बघतात लोक, त्याने काही कळत नाही कारण बोट टेफ्लॉनचं नाही. त्यापेक्षा घरी जो पॅड आहे तो एखाद्या पाटावर किंवा फळीवर ठेवा, वर वायरलेस माउस ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. माउस ज्या तिरक्यावर आपोआप सुटतो तिथे थांबा, फळीच्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं अंतर, हा झाला स्थितिक घर्षणाचा गुणांक. समजा ५० सेंटीमीटरवर १० सेंटीमीटर उचलावं लागलं तर ०.२. आता थोडं खाली आणा आणि माउसला टिचकी मारत बघा, ज्या तिरक्यावर टिचकीनंतर तो एकसारख्या वेगाने सरकत राहतो तो गतिक. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर पॅड चांगला आहे, लांब असतील तर बारीक एमला त्रास देणार. हेच एकदा सकाळी करा आणि एकदा दोन तास कुलर चालल्यावर करा. आकडा फारसा हलला नाही तर नवीन पॅडचे पैसे वाचले, खिडकी उघडा आणि स्लीव्ह घाला.

आकडा हलला तर आधी धुवून बघा. कोमट पाणी, भांड्याचा लिक्विड साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुवा कारण राहिलेला साबण पण चिकटतो. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. आणि आपल्याकडे सवय असते सगळं गच्चीवर टाकायची, पापड काय, गाद्या काय, पॅड तिथे टाकू नका, खालचं रबर कडक उन्हाने आणि तापलेल्या स्लॅबने कडक होतं, कडा वळतात, चिरा पडतात. सावलीत, पंख्याखाली, पूर्ण दिवस द्या, रबराच्या बाजूने पण कोरडा झालाय बघा. धुवूनही रोजच्या जागचा चकचकीत झालेला गोल तसाच राहिला तर तिथली वीण झिजलीय, ती परत येत नाही. पॅड मोठा असेल तर अर्धा गोल फिरवून दुसरी बाजू वापरात घ्या, लोगो उलटा दिसतो पण अजून वर्षभर निघतं.